पोटात डोकावणारं यंत्र आणि त्याचं कुलूप

मंचर असो, नारायणगाव असो, घोडेगाव की ओतूर, सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची एक पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. इथे गर्भलिंग निदान होत नाही, तो गुन्हा आहे, असं सांगणारी. पोट दुखतं म्हणून गेलेल्या सत्तरीच्या बाबांसमोर तीच पाटी, मुतखड्यानं कळवळणाऱ्या बाईसमोरही तीच. म्हणून बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं, किडनीच्या तपासणीचा आणि मुलगा-मुलगीचा संबंध काय? संबंध आहे. तो चाळीसेक वर्षांचा आहे आणि त्यात बायांचा हात मोठा आहे. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी किडनीचं थोडं. पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आड, मुठीएवढ्या दोन किडन्या असतात. त्या रक्त गाळतात, लघवी तयार करतात, ती दोन बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयात उतरते आणि तिथून बाहेर. माणूस अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येतो आणि दिवसभरात लघवीच झालेली नसते, तेव्हा डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो आपल्या पाटाच्या पाण्यासारखा. शेवटच्या वावरात पाणी आलं नाही तर कारणं तीनच. धरणातून पाणी सुटलंच नाही, मधे पाट फुटला, नाहीतर पुढे मोरी तुंबली. किडनीचंही तसंच. हगवण लागून अंगातलं पाणी गेलं, बाळंतपणात रक्त फार गेलं, तर किडनीपर्यंत पुरेसं रक्तच पोचत नाही. घोणस चावली, एखादं औषध बाधलं, तर किडनीच दुखावते. आणि खडा अडकला, गाठीनं नळी दाबली, पुरुषांत प्रोस्टेट वाढली, तर वाट तुंबते.

तिन्हीत बाहेरून दिसतं एकच: लघवी नाही, उलट्या, गुंगी. पण उपाय वेगळे, कधी कधी अगदी उलटे. पहिल्यात सलाईन भरभरून लागतं. तिसऱ्यात तुंबलेली वाट मोकळी केल्याशिवाय बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर त्रास वाढतो. म्हणून मोरी तुंबली आहे का, हे लवकर कळणं फार मोलाचं. आणि ते डोळ्यांनी दिसतं. वाट अडली की मागे लघवी साचते, किडनीचा आतला भाग फुगतो, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर तो फुगलेला भाग काळा दिसतो. साठलेलं पाणी नेहमी काळंच दिसतं. रिपोर्टवर 'किडनीला सूज' असं लिहितात ते हेच. मूत्राशय गच्च भरलं असेल तर तेही लगेच दिसतं, आणि नळी टाकून ते मोकळं करायला वेळ लागत नाही. खाटेशी यंत्र असेल आणि शिकलेला हात असेल, तर हे पाहणं काही मिनिटांचं काम आहे.

हे यंत्र आलं कुठून? खोडदला आपल्याकडे मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकतात. सोनोग्राफी ऐकते ती साधा आवाज, फक्त आपल्या कानांना ऐकू न येणारा, फार उंच पट्टीतला. वटवाघूळ अंधारात आवाज सोडतं आणि त्याच्या पडसादावरून भिंत कुठे, किडा कुठे हे ओळखतं, तीच युक्ती. एक्स-रेसारखे किरण यात नाहीत, म्हणून पोटुशीलाही तो चालतो. पहिल्या महायुद्धात या युक्तीनं पाण्याखालच्या पाणबुड्या शोधायचा प्रयत्न झाला. मग कारखान्यांत लोखंडाच्या आतली चीर शोधायला तिचा वापर होऊ लागला.

तिथून ती बायांच्या पोटापर्यंत आली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. इयन डोनाल्ड नावाचे बाळंतपणाचे डॉक्टर १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. बरोबर नेल्या होत्या शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या आणि अंडाशयाच्या गाठी. लोखंडाची चीर शोधणारं यंत्र त्यांनी त्या गाठींना लावून पाहिलं, तर पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे पडसाद वेगळे आले. पुढे त्यांच्याकडे एक बाई आली. पोट फार फुगलेलं, आणि मोठ्या डॉक्टरांनी पोटाचा कर्करोग सांगून आशा सोडलेली. यंत्रानं दाखवलं की आत आहे ती अंडाशयाची पाण्याची गाठ. ती काढली, बाई बरी झाली. १९५८ साली डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं छापून जगापुढे मांडलं. या यंत्राच्या इतिहासात अगदी आरंभीच एका बाईचा जीव वाचल्याची गोष्ट आहे, हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे त्याच यंत्राची पुढची गोष्ट फार वेगळी झाली.

ऐंशीचं दशक आठवा. आपल्यातल्या ज्या आज सासवा आहेत, त्या तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. मुंबईत गर्भाचं पाणी काढून मुलगा की मुलगी सांगणारे दवाखाने उघडले होते. आज थोडे पैसे खर्च करा आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. राज्य सरकारसाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईत पाहणी केली, तेव्हा ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही तपासणी मुलगा-मुलगी सांगण्यासाठी करत असल्याचं निघालं. शिकलेली, प्रतिष्ठित माणसं. स्त्री-संघटना, काही डॉक्टर, काही वकील एकत्र आले, मोर्चे काढले, आमदारांना गाठलं. त्यातून १९८८ साली महाराष्ट्रानं याविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा झाला १९९४ साली आणि लागू झाला १९९६ च्या १ जानेवारीपासून.

त्याच १९८८ साली, डिसेंबरच्या ७ तारखेला, दूर आर्मेनिया नावाच्या देशात भयंकर भूकंप झाला. हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबलेल्या माणसाचं एक लक्षात ठेवा. तो बाहेर काढल्यावर बोलतो, पाणी मागतो, आणि दोन दिवसांनी त्याची किडनी बंद पडू शकते. चिरडलेल्या स्नायूंतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीच्या बारीक नळ्या बुजवून टाकतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा, १९४१ साली, तिथल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं होतं. आर्मेनियाच्या राजधानीतल्या रुग्णालयात जखमींचा लोंढा आला, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या ७२ तासांत ४०० जखमींची पोटं आणि किडन्या सोनोग्राफीनं पाहिल्या. एका माणसाला सरासरी चार मिनिटं. दर आठ जणांत साधारण एकाला आत इजा सापडली. कुणाला आधी शस्त्रक्रियेला न्यायचं, हे त्यावरून ठरवता आलं. तोवर यंत्र आपल्या खोलीत बसायचं आणि रोगी त्याच्याकडे जायचा. इथे शेकडो खाटांच्या गर्दीत, घाईत, त्याचा उपयोग झाला. त्या भूकंपानंतरच जगभरच्या किडनीच्या डॉक्टरांनी आपत्तीत धावून जाणारं पथक उभारलं.

आपल्या आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. जिवंत निघाली ती फार थोडी. पण डोंगरउतारावरच्या आपल्या वाड्यावस्त्यांना पावसाळ्यात ही भीती आजही आहे. म्हणून आर्मेनियाची ती चार मिनिटं आम्हाला परक्या देशातली वाटत नाहीत.

एकाच वर्षात असं झालं बघा. तिकडे यंत्र जखमींच्या गर्दीत कामाला लागलं, इकडे पोरींचा गर्भ वाचवण्यासाठी कायदा करावा लागला.

कायदा झाला, पण कागदावर राहिला. गर्भाचं पाणी काढणं मागे पडलं आणि त्याची जागा सोनोग्राफीनं घेतली. ती सोपी, स्वस्त, सुई न टोचता होणारी. यंत्रं तालुक्या-तालुक्यांत पोचली, आणि कोणाकडे किती आहेत याची धड नोंद कुठेच नव्हती. २००० साली सेहत ही संस्था, 'मासूम' म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात बायांबरोबर काम करणारं महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ, आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मागणी साधी होती: कायदा केलाय तर तो पाळा. २००१ मध्ये न्यायालयानं राज्यांना खडसावलं. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांना, कोणाला यंत्रं विकली त्याच्या याद्या द्यायला लावल्या. २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. नोंदणी नसलेल्या माणसाला यंत्र विकणंच बंद झालं. पाटी, नोंदवही, पोटुशीच्या प्रत्येक सोनोग्राफीला भरायचा 'एफ' फॉर्म, हे सगळं आपल्याला दिसायला लागलं ते त्यानंतर.

आकडे तरीही घसरले. महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. ज्या भागांत पाणी आलं, ऊस आला, पैसा आला, तिथे मुली वाढतील असं कुणाला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. हे आपण बायांनी आपल्या घरांतही बोलायला हवं. यंत्र दवाखान्यात होतं, पण तिथवर नेणारी माणसं घरातलीच होती.

आता खाटेशी येणाऱ्या यंत्राकडे वळू. १९९९ साली अमेरिकेत अडीच किलोच्या आसपास वजनाचं, हातात धरून नेता येईल असं सोनोग्राफी यंत्र बाजारात आलं. त्यामागे तिथल्या सैन्याचा पैसा होता, कारण रणांगणावर जखमी सैनिकाचं पोट पाहता यायला हवं होतं. जगभरच्या तातडीच्या विभागांत ते पसरलं. छाती, पोट, हृदय, किडनी, जे हवं ते खाटेशीच पाहायचं. २०१४ साली अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास छापून आला. मुतखड्याची शंका असलेल्या २,७५९ रुग्णांतल्या काहींची सोनोग्राफी तातडीच्या विभागातल्या डॉक्टरनं स्वतः केली, काहींची सोनोग्राफीच्या तज्ज्ञानं, आणि बाकीच्यांचं थेट सीटी स्कॅन झालं. सोनोग्राफीनं सुरुवात केली म्हणून गंभीर आजार निसटले, असं दिसलं नाही. उलट अंगावर किरण कमी पडले. म्हणजे पोटात कळ आली की प्रत्येकाला आधी सीटीला पाठवलंच पाहिजे, असं नाही.

पण लॅपटॉपएवढं यंत्र गाडीतही मावतं. तिथेच आपल्याकडे घोळ झाला. खोलीतलं यंत्र तपासायला अधिकारी येऊ शकतो, गाडीतलं कसं तपासणार? रात्री वस्तीवर जाऊन मुलगा-मुलगी सांगण्याची सोयच झाली. कोल्हापुरात तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारं उपकरण लावायला सुरुवात केली. डॉक्टरांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण २०११ मध्ये न्यायालयानं ते योग्य ठरवलं. २०१२ मध्ये केंद्रानं नियम केला की उचलून नेता येणारं यंत्र दोनच ठिकाणी वापरायचं. एक, जिथे त्याची नोंदणी आहे त्या रुग्णालयात, दाखल रुग्णांसाठी. दुसरं, इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात.

हा नियम नीट लक्षात ठेवा, कारण त्याच्या नावानं पुष्कळ चुकीचं सांगितलं जातं. कायद्यामुळे खाटेशी सोनोग्राफी करता येत नाही, असं कुणी म्हणालं तर ते पूर्ण खरं नाही. दाखल रुग्णाच्या खाटेशी, नोंदणी केलेल्या ठिकाणी, पात्र डॉक्टरनं ती करायला कायदा आडवा येत नाही. मनाई आहे ती यंत्र पिशवीत घालून कुठेही फिरवण्याला. म्हणून किडनीसाठी का होईना, वाड्यावस्त्यांवर यंत्र घेऊन फिरता येत नाही, आणि रुग्णवाहिकेत ते सहज दिसत नाही. याची किंमत आहे हे आम्ही नाकारत नाही. आहुपे-भीमाशंकरच्या बाजूची बाई मंचरपर्यंत यायला किती वेळ लागतो, ते तिकडच्या मैत्रिणींना विचारा. तपासायचं यंत्र तिच्या वाटेवरच असतं तर काही तास वाचले असते.

डॉक्टरांचीही तक्रार आहे. फॉर्ममधल्या एका रकान्याच्या चुकीसाठी यंत्राला सील लागतं, खटला होतो, असं म्हणत २०१६ च्या सप्टेंबरमध्ये सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी देशभर बंद पुकारला होता. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंद न ठेवणं ही निव्वळ कारकुनी चूक नाही, कारण ती नोंदच गुन्ह्याचा माग दाखवते. आम्हाला न्यायालयाचं पटतं. तातडीच्या उपचाराचं कारण पुढे करून कुलूप सैल करा, अशी मागणी कुणी केली, तर आपण बायांनी आधी विचारावं की रुग्णालयात नोंदणी झालेलं यंत्र आहे, ते रात्री कोण वापरतं? बऱ्याच ठिकाणी खरी अडचण तिथेच असते. यंत्र असतं, पण ते चालवू शकणारा नोंदणीकृत डॉक्टर ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेतच येतो. आणि किडनी काही मंगळवार बघून बंद पडत नाही.

बायांच्या बाबतीत हे आणखी जवळचं आहे. बाळंतपणात दोन्ही किडन्या, त्यातही उजवी, थोडी फुगते, कारण वाढलेलं गर्भाशय नळीवर दाबतं. बहुतेकदा ते नैसर्गिक असतं. पण ताप, थंडी आणि पाठीत कळ असेल तर ते अंगावर काढायचं नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बाया वर्षानुवर्षं लाजेनं बोलत नाहीत, भात लावणीत वाकतात, कांद्याच्या गोण्या उचलतात. अंग फार खाली आलं तर लघवीच्या नळ्या मुरगळतात आणि दोन्ही किडन्या हळूहळू फुगतात, दुखल्याशिवाय. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग वाढला की तोही याच नळ्या दाबतो. त्या बाईचा जीव शेवटी किडनी बंद पडून जाऊ शकतो, आणि घरचे समजतात की अशक्तपणानं गेली. शेतावर आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं, लघवी दाबून धरणं, यातून लघवीचा संसर्ग आणि खडे होतात, हे तर आपण सगळ्या जाणतो.

यंत्राला सगळं दिसतं असंही नाही. ते आकार दाखवतं, काम दाखवत नाही. घोणस चावलेल्याची किडनी पडद्यावर जवळपास नेहमीसारखी दिसू शकते आणि तरी काम करत नसते. तिथे रक्त तपासून क्रिएटिनिन पाहावं लागतं, लघवी मोजावी लागते, कधी डायलिसिसला पाठवावं लागतं. आपल्याकडे नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाच्या उपचारात वर्षानुवर्षं काम करत आहेत. असा रुग्ण सोनोग्राफीच्या रांगेत थांबवायचा नसतो, त्याला आधी विषावरचं इंजेक्शन लागतं. पण किडनी पडद्यावर लहान, आक्रसलेली दिसली, तर आजार बराच जुना असावा, एवढं डॉक्टरांना लगेच कळतं. वाट तुंबलेली नाही, हे कळणंसुद्धा उपयोगाचं, कारण मग नळी टाकण्यात वेळ न घालवता बाकीच्या दोन कारणांकडे वळता येतं.

आता रोजच्या कामाचं. घरात कुणाची लघवी बारा तासांत झाली नसेल, किंवा पाठीत कळ आणि थंडी वाजून ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. शेवटची लघवी कधी झाली, कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, अंगदुखीची गोळी किती दिवस चालू आहे, हे घरातून निघतानाच आठवून ठेवा. दवाखान्यात विचारा: "डॉक्टर, वाट तुंबली आहे का ते पाहिलं का?" हे विचारण्यात आगाऊपणा नाही. बाई पोटुशी असेल तर किडनीच्या सोनोग्राफीलाही 'एफ' फॉर्म भरला जाईल, आणि मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही असं तिला सही करून किंवा अंगठा देऊन सांगावं लागेल. वैतागू नका आणि तो कागद भरल्याशिवाय यंत्र लावूही देऊ नका. पोटुशी नसेल तर त्या फॉर्मचा प्रश्नच नाही. तिथून पुण्याला पाठवलं, तर सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चित्र मागून सोबत घ्या. जुन्नरहून पुणं नव्वदेक किलोमीटर आहे. पुढच्या डॉक्टरांना पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.